कावीळ बळावते तेव्हा: हिपॅटायटिस बी आणि विषाणूरोधक गोळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काविळीचा रुग्ण माझ्या ओपीडीत एकटा क्वचितच येतो. सोबत भाऊ, मेहुणा, कधी गावचे सरपंच असतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट असतात. केसपेपर हातात घेईपर्यंत प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सावकाश लिहितो आहे. जोर हिपॅटायटिस बी वर दिला आहे, कारण जीव घेणाऱ्या काविळींपैकी वेळेत गोळी दिली तर माणूस वाचू शकतो अशी ही कावीळ आहे. आणि गोळीला उशीर झाल्यामुळे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

डॉक्टर, डोळे पिवळे झालेत. म्हणजे बी ची कावीळ का?

तसं नाही. कावीळ हे लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढलं की डोळे आणि लघवी पिवळी होते, ते कशानेही वाढू शकतं. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. बी, सी आणि डी रक्तातून आणि शरीरसंबंधातून येतात, बी आईकडून बाळालाही जातो. याशिवाय दारू, पित्ताशयातले खडे, टीबीची औषधं, पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दिसणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), यांनीही डोळे पिवळे होतात. म्हणून पहिल्याच दिवशी रक्त देताना एचबीएसएजी (बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी साठी) या दोन तपासण्या करून घ्या. 'साधी कावीळ आहे' असं तपासणीशिवाय कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

ए आणि ई च्या काविळीवर विषाणू मारणारं औषध का देत नाहीत?

कारण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. शरीर काही आठवड्यांत हा विषाणू स्वतःच बाहेर काढतं. विश्रांती, पोटभर खाणं, उलट्या थांबवणं आणि रक्तावर लक्ष ठेवणं हाच उपचार. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली, ती ई ची होती हे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून कळलं. आपल्याकडे इचलकरंजीकरांना २०१२ ची साथ आठवत असेल. अशा साथीत बरे होणारेच जास्त असतात.

अपवाद मात्र मोठा आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई ची कावीळ झाली तर ती फार झपाट्याने बिघडते, आणि रिबाव्हिरिन हे विषाणूरोधक औषध गर्भाला घातक असल्याने तिथे वापरता येत नाही. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही घरी ठेवू नका, जिथे आयसीयू आहे तिथेच न्या. अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात ई रेंगाळतो, तिथे रिबाव्हिरिन कामी येतं.

गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना नागिणीच्या कुळातला हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूही क्वचित यकृतावर उतरतो. ताप खूप, एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) हजारोंत आणि डोळे मात्र फारसे पिवळे नाहीत, असं चित्र असेल तर रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू करतात.

कावीळ 'गंभीर' झाली हे कसं ओळखायचं? बिलिरुबिन २० आहे, म्हणजे संपलंच का?

बिलिरुबिनच्या आकड्याने घरचे जितके घाबरतात तितका मी घाबरत नाही. मी आधी आयएनआर बघतो. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतात तयार होतात. यकृताचं काम ढेपाळलं की रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर चढतो. निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. १.५ च्या वर गेला, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊनही उतरला नाही, तर यकृत अडचणीत आहे.

आता एक फसवी गोष्ट सांगतो, ती घरच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. एसजीपीटी १,८०० वरून ३०० वर आली की लोक पेढे आणतात. पण त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील तर ती सुधारणा नव्हे. यकृतात मरायला पेशीच उरल्या नाहीत, म्हणून एसजीपीटी खाली आली, असाही त्याचा अर्थ असू शकतो. तिन्ही आकडे एकत्र वाचा.

घरी बघायच्या खुणा वेगळ्या. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागा, विचारलेल्याला भलतंच उत्तर, शर्टाची बटणं लावताना गोंधळ, पुढे केलेले हात पंखासारखे फडफडणं. मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची ही चिन्हं आहेत. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, हिरड्यांतून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. झोपेची गोळी देऊन त्याला 'शांत' करू नका.

बी ची कावीळ असलेल्या प्रत्येकाला गोळी लागते का?

नाही. मोठ्या माणसाला नव्याने बी ची लागण झाली तर शंभरातले सुमारे ९५ जण औषधाविना बरे होतात. उलट जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम करतो. वय किती, यावर इतकं अवलंबून आहे.

नव्या लागणीत गोळी कुणाला? आयएनआर १.५ च्या वर गेला त्याला, मेंदूवर परिणाम दिसू लागला किंवा पोटात पाणी झालं त्याला, आणि चार आठवडे उलटूनही कावीळ हटेना त्याला.

पण आपल्याकडे गंभीर अवस्थेत येणाऱ्यांत दुसराच गट मोठा दिसतो. विषाणू लहानपणापासून अंगात आहे, माणसाला पत्ताच नाही आणि चाळिशीत तो अचानक उसळतो. यकृत आतून आधीच थोडं जून झालेलं असतं, त्यावर हा घाव बसतो आणि दोन-तीन आठवड्यांत पोटात पाणी, गुंगी, सगळं एकदम येतं. या गटाला गोळी त्याच दिवशी लागते. नवी लागण की जुन्याची उसळी, हे रक्तावरून नेहमी स्पष्ट होत नाही. आयजीएम अँटी-एचबीसी ही बी विरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी दोन्हींत पॉझिटिव्ह येऊ शकते. माणूस गंभीर असेल तर त्या वादात वेळ घालवू नये, गोळी दोन्हीकडे तीच आहे.

ज्यांना सिरॉसिस आहे, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालं आहे, आणि रक्तात विषाणू सापडतो, त्यांनी कावीळ नसतानाही गोळी घ्यायची असते.

व्हायरल लोडचा रिपोर्ट यायला आठवडा लागेल म्हणतात. तोवर थांबू?

थांबू नका. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजायला, रक्त द्या आणि संध्याकाळी पहिली गोळी घ्या. रिपोर्ट पुढच्या तुलनेसाठी हवा असतो, गंभीर रुग्णाला गोळी सुरू करण्यासाठी नव्हे. 'सगळे रिपोर्ट घेऊन पुढच्या सोमवारी या' असं ऐकून घरी गेलेला आणि सोमवारी बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे.

पहिल्या रक्तातच एचआयव्हीची तपासणी मात्र नक्की करा. याच गोळ्या एचआयव्हीवरही थोडंफार काम करतात. दोन्ही आजार असताना एकटी गोळी चालू राहिली तर एचआयव्ही त्या औषधाला दाद देईनासा होतो.

गोळी नेमकी कोणती?

मुख्यतः दोन. टेनोफोव्हिर, तिची नेहमीची मात्रा रोज ३०० मिलिग्रॅमची एक गोळी. आणि एन्टेकॅव्हिर, रोज ०.५ मिलिग्रॅम, यकृत कोलमडलेलं असेल तर १ मिलिग्रॅम. एन्टेकॅव्हिर उपाशीपोटी घ्यायची, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. पहाटे उठणाऱ्यांना ते सोपं जातं. टेनोफोव्हिर जेवणानंतर घेतली तरी चालते.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एन्टेकॅव्हिर बरी, किंवा टेनोफोव्हिरचा २५ मिलिग्रॅमचा नवा प्रकार, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड. मात्र पोटात पाणी झालेल्या रुग्णात हा नवा प्रकार द्यायचा की नाही हे तज्ज्ञांनीच ठरवावं. पूर्वी कधी लॅमिव्ह्युडिन ही बी वरची जुनी गोळी घेतली असेल तर आठवून सांगा, कारण अशा रुग्णांत एन्टेकॅव्हिर लवकर निकामी ठरते. लॅमिव्ह्युडिन आता पहिल्या पसंतीची राहिलेली नाही. आणि इंटरफेरॉनची इंजेक्शनं गंभीर काविळीत देऊच नयेत, त्यांनी यकृत आणखी बिघडतं.

गोळी चालू असताना मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाऊ नका.

गोळीने विषाणू मरतो ना?

इथे खरं सांगायला हवं. विषाणू आपल्या प्रती काढत राहतो, गोळी ते छापखान्याचं यंत्र बंद पाडते. पण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात विषाणूची मूळ प्रत वेटोळ्याच्या रूपात दडून बसलेली असते, तिला ही गोळी हात लावू शकत नाही. म्हणून रक्तात विषाणू 'सापडला नाही' असा रिपोर्ट आला तरी एचबीएसएजी बहुतेकांत पॉझिटिव्हच राहते. गोळी काम करत नाही असा त्याचा अर्थ नाही. छपाई थांबली की सूज ओसरते, यकृताला सावरायला उसंत मिळते आणि पुढे कॅन्सरचा धोकाही घटतो.

आज सुरू केली तर फरक कधी दिसेल?

विषाणू दिवसागणिक घटायला लागतो, पण यकृत तितक्या वेगाने सावरत नाही. पहिले दोन आठवडे बिलिरुबिन वाढतच राहिलं तरी गोळी बंद करायची नाही.

जुन्या बी वर उसळी येऊन यकृत निकामी झालेल्या २७ रुग्णांवर दिल्लीत एक अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ जणांना टेनोफोव्हिर आणि १३ जणांना औषध नसलेली गोळी दिली. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ८ जण जिवंत होते, दुसऱ्यातले फक्त २. दोन आठवड्यांत ज्यांच्या रक्तातला विषाणू शंभरपटीहून अधिक घटला, ते जगण्याची शक्यता जास्त होती. अभ्यास लहान आहे, पण त्यातले ६ जण गोळी मिळूनही गेले, हेही घरच्यांना मी सांगतो. गोळीने शक्यता खूप वाढते, हमी मिळत नाही. म्हणूनच गोळी सुरू करतानाच प्रत्यारोपणाच्या केंद्राशी बोलून ठेवायचं असतं.

आता बरं वाटतंय. गोळी कधी थांबवू?

स्वतःच्या मनाने कधीच नाही. या सगळ्या लिखाणातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या.

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. कोमात जाता जाता वाचला. सात महिन्यांनी रिपोर्ट एकदम चांगले, वजन वाढलेलं, ऊसतोडीची घाई. गोळी संपली आणि 'आता कशाला' म्हणून आणली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा कावीळ, या वेळी पोटात पाणी घेऊन. गोळी थांबली की छापखाना दुप्पट जोमाने सुरू होऊ शकतो आणि ती उसळी पहिलीपेक्षा वाईट असते. तो दुसऱ्यांदा वाचला नाही.

नव्या लागणीत एचबीएसएजी निगेटिव्ह झाल्याची खात्री पटल्यावर डॉक्टर गोळी बंद करतात. जुन्या आजारात आणि सिरॉसिसमध्ये बहुधा ती आयुष्यभराची सोबत असते, मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळीसारखी. एखादा दिवस चुकला तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. वारीला किंवा मुलीकडे परगावी जाताना आठवड्याच्या जास्तीच्या गोळ्या सोबत ठेवा.

कॅन्सरच्या केमोआधी ही तपासणी का करायला लावतात?

केमोथेरपी, रिटुक्सिमॅबसारखी इंजेक्शनं, जास्त दिवसांची स्टेरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि झोपलेला बी जागा होतो. म्हणून आधी एचबीएसएजीसोबत अँटी-एचबीसीही तपासतात आणि गरज असेल तर उपचार सुरू होण्याआधीच गोळी देतात. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' असं सांगून विकलेल्या पुडीने काविळीचा स्फोट झालेला मी पाहिला आहे.

हिपॅटायटिस सी ची औषधं घेतानाही बी उसळू शकतो. तो इशारा या औषधांच्या माहितीपत्रकांत ठळक चौकटीत छापायला अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये सांगितलं.

माळ घातली, कावीळ उतरवून घेतली, झाडपाला दिला. चालेल ना सोबत?

गळ्यात माळ घातल्याने काही बिघडत नाही. माळ वाढते, कावीळ उतरते असं वाटतं, कारण ए आणि ई ची कावीळ तशीही उतरणारच असते. बिघडतं ते पोटात घेतलेल्या मुळ्यांनी, भस्मांनी, नाकात पिळलेल्या रसाने आणि त्यात गेलेल्या दहा दिवसांनी. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. घरातल्या वेलीवरची आहे म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. यकृत आधीच जळत असताना त्याच्यावर कुठलाही अनोळखी अर्क टाकू नका. मी ओरडणार नाही, पण काय घेतलं ते मला खरं सांगा.

पथ्याचंही थोडं. हळद पिवळी म्हणून ती बंद करण्याचं कारण नाही. वरण-भात, भाकरी, दूध, अंडं, मऊ खिचडी, जे जाईल ते द्या. डाळी बंद करून माणूस सुकवू नका. रात्री झोपताना काहीतरी खाऊ घाला, रात्रभराचा उपास या यकृताला झेपत नाही. गाड्यावरचा उसाचा रस नको, रसापेक्षा त्यातल्या बर्फाची भीती आहे. पोटात पाणी असेल तर पापड, लोणचं, वरून मीठ बंद. दारू थेंबभरही नाही.

खर्च किती?

गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि बी, सी ची औषधं दोन्ही येतात. सिव्हिलमध्ये किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाच्या केंद्राची चौकशी करा. खासगीत उपचार चालू असले तरी गोळ्यांसाठी तिथे नाव नोंदवता येतं. दाखल झाल्याचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

गोळ्या चालू आहेत तरी गुंगी वाढतेय. पुढे काय?

यकृत प्रत्यारोपण. मेंदूमृत दात्याचं यकृत मिळण्यासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांकडे प्रतीक्षायादी असते. पण इतक्या गंभीर रुग्णाला थांबायला वेळ नसतो. तेव्हा जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेतात, देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढतं. नव्या यकृतात बी परत येऊ नये म्हणून प्रत्यारोपणानंतरही हीच गोळी चालू ठेवावी लागते. नेण्याचा निर्णय गुंगी वाढण्याआधी घ्या. व्हेंटिलेटरवरचा माणूस दोनशे किलोमीटर हलवणं फार जोखमीचं असतं.

आणि सी?

सी च्या बाबतीत बातमी खूप चांगली आहे. तो पूर्ण बरा होतो. सोफोसब्युव्हिर आणि वेल्पाटास्व्हिरची एकत्र गोळी १२ आठवडे घेतली तर शंभरातल्या ९५ हून अधिक जणांच्या रक्तातून विषाणू कायमचा जातो. पोटात पाणी झालेल्या सिरॉसिसमध्ये सोबत रिबाव्हिरिन देतात, त्यात हिमोग्लोबिन उतरू शकतं, म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासायचं. या विषाणूच्या शोधासाठी ऑल्टर, हाउटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. माझ्या विद्यार्थिदशेत सी वर इंटरफेरॉन देताना रुग्णांचे जे हाल पाहिले, ते आठवलं की ही साधी गोळी हातात देताना अजूनही बरं वाटतं.

रक्तदान शिबिरातून फोन आला, बी पॉझिटिव्ह आहे. आखातात नोकरी ठरली होती.

रक्तपेढीचा फोन आला म्हणजे तुम्ही नशीबवान आहात, आजार शांत असताना कळला. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर अनफिट ठरवतात, आणि गोळ्या घेऊन ती लवकर निगेटिव्ह होत नाही. कुणी 'पंधरा दिवसांत निगेटिव्ह करून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमचं काम इतकंच: एसजीपीटी, व्हायरल लोड, सोनोग्राफी करून घ्या. गोळी लागते की नुसतं लक्ष ठेवायचं ते त्यावरून ठरेल.

घरातल्यांना होईल का? ताट वेगळं करू?

ताट, पेला, गादी काही वेगळं करू नका. एका ताटात जेवल्याने, मुलांना कुशीत घेतल्याने बी होत नाही. वेगळं हवं ते ब्लेड, नेलकटर, टूथब्रश. पती-पत्नी, मुलं, भावंडं आणि आई या सगळ्यांची एचबीएसएजी तपासा. निगेटिव्ह असतील त्यांना लसीचे तीन डोस: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. नवरा-बायकोत लस पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरा.

माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि बी पॉझिटिव्ह निघाली. बाळाला वाचवता येईल का?

हो, जवळजवळ प्रत्येक वेळी. तिचा व्हायरल लोड आत्ताच करून घ्या. तो २ लाखांच्या वर असेल तर साधारण २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर देतात. ती गरोदरपणात सुरक्षित मानली जाते, आणि तिच्यामुळे बाळाकडे जाणारा विषाणू खूप कमी होतो. एन्टेकॅव्हिर या काळात नको. बाळंतपण कुठे करणार ते ठरवा आणि तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, हिपॅटायटिस बी ची लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन द्यायचं असतं. ते इंजेक्शन लहान गावात ऐन वेळी मिळत नाही, आठव्या महिन्यातच सोय लावून ठेवा. पुढचे लसीचे डोस नेहमीच्या लसीकरणात होतात. तिने अंगावर पाजायला हरकत नाही. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर एकदा त्याची एचबीएसएजी आणि अँटीबॉडी तपासायची असते. ती तारीख लसीकरणाच्या कार्डावर आजच पेनाने लिहून ठेवा.